नेम आणि गुरी

मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक धरायचा, दुसरा पाळायचा. कन्नडात मात्र ‘नेम’ म्हणजे फक्त दुसरा, व्रत, नियम. धरायचा असतो तो ‘गुरी’. आमच्या घरात दोन्ही भाषा ताटातल्या चटणी-कोशिंबिरीसारख्या शेजारी-शेजारी वाढलेल्या असल्यामुळे माझ्या मुलाला लहानपणी मोठा प्रश्न पडायचा, की आजी सोमवारी धरते तो नेम आणि आई गोट्या खेळताना धरायला सांगते तो नेम, हे एकच का? आता तो बारावीत म्हणजे सेकंड पी.यू.सी.ला आहे, आणि गेलं वर्षभर नेम नावाच्या गोष्टीनं आमच्या माळ्यावरच्या खोलीत ठाणच मांडलं आहे.

त्याला वैमानिक व्हायचं आहे. एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची, हवाई दलात जायचं. त्याच्या अप्पांनी हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून संगणकाचे भाग आणून दिले, काठीसारखी जॉयस्टिक मागवली, आणि त्यावर ‘डी.सी.एस.’ नावाचा विमान चालवण्याचा कार्यक्रम बसवला. याला खेळ म्हटलेलं त्याला आवडत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्यात त्यानं जेट विमान घेतलं नाही, घेतलं ते मि-८ नावाचं जाडजूड रशियन हेलिकॉप्टर. आपल्या हवाई दलातलं मि-१७ हे याच घराण्यातलं. कुठं पूर आला की छपरावर अडकलेल्या माणसांना उचलताना दूरदर्शनवर दिसतं तेच. पण त्याच्या दोन्ही कुशींना नळ्यांचे गठ्ठे लावता येतात आणि त्यातून अग्निबाण सोडता येतात. साधे, बिनमार्गदर्शनाचे. एकदा नळीतून सुटला की कुणाचं ऐकत नाही असा बाण.

मी इतिहास शिकवते. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. तरी मी त्याच्या शेजारी बसू लागले, कारण संध्याकाळी सहा ते सात हा वेळ त्यानं त्यासाठी राखून ठेवलेला आणि त्या तासाला तो आपणहून बोलतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या आया मला समजून घेतील. हळूहळू मला कामही मिळालं. वहीत त्यानं एक कोष्टक केलं आहे. इतका वेग, इतकं अंतर, तर नेमयंत्राची तबकडी इतक्यावर. ते मोठ्यानं वाचायचं आणि अंतर सांगायचं, हे माझं काम.

हे अंतर सांगणं म्हणजे गंमत असते. या हेलिकॉप्टरात अंतर मोजणारा लेसर नाही. डाव्या बाजूच्या आसनासमोर (रशियन हेलिकॉप्टरात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो) काचेवर प्रकाशाची एक नक्षी उमटते, तिच्यावर रेघोट्या. त्या रेघोट्यांच्या मापात समोरचा ट्रक किती बसतो ते पाहायचं. हजार मीटरवरची एक मीटरची वस्तू साधारण एक माप व्यापते. ट्रक सात मीटरचा आणि सात मापं व्यापतोय तर अंतर एक किलोमीटर; साडेतीन मापं, तर दोन. तिसरी-चौथीचं त्रैराशिक! पण समोरून ट्रक तिरका उभा असला की तो आखूड दिसतो आणि हिशेब कोसळतो.

बाण सरळ जातो अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. त्याचं इंधन सेकंदभरात जळून जातं. पुढं तो फेकलेल्या दगडासारखाच खाली झुकत जातो. म्हणून लक्ष्य जितकं लांब, तितकं नाक वर हवं. इथवर गोफणवाल्यालाही कळतं. खरी अडचण हेलिकॉप्टरची आहे. ते वेगात जाताना नाक खाली घालून जातं, थांबायला लागलं की नाक वर करतं. म्हणजे तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. बाण नळीतून निघताना तसा मंद असतो, आणि त्याच्या शेपटीला पंख असतात. वारा ज्या बाजूनं येतो तिकडे तो तोंड वळवतो, देवळावरच्या वाऱ्याच्या कोंबड्यासारखा. हेलिकॉप्टर किंचित आडवं घसरत असेल तर बाणही आडवा जाणार. एका जागी तरंगत सोडला, तर डोक्यावरच्या पात्यांचा झोत वरून येतो, आणि बाण त्या झोताकडे म्हणजे वर नाक उचलतो. सगळ्या गोष्टी एका अंशात बसतात. एक अंश म्हणजे किती? किलोमीटरवर सतरा मीटर. व्हॉलीबॉलचं मैदान अठरा मीटर लांब असतं. एका अंशाची चूक म्हणजे या टोकाला मारायचं ते त्या टोकाला.

म्हणून पद्धत अशी: तीन-चार किलोमीटरवरून वेग एकसारखा ठेवून, किंचित उतरत यायचं. समोरच्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी असते, ती मधोमध हवी. ती मधे आहे याचा अर्थ आडवं घसरत नाही. मग लक्ष्य त्या नक्षीत हळूच येऊ द्यायचं. नक्षी घेऊन लक्ष्यामागे धावायचं नाही. हे सगळ्यांत कठीण. नवखा माणूस नेम चुकतोय असं दिसलं की काठी हलवतो. हेलिकॉप्टर जरा उशिरा ऐकतं. तोवर त्यानं उलटी हलवलेली असते, आणि मग सगळं झोपाळ्यासारखं हेलकावू लागतं. पहिले शंभर बाण कुणाचेच लागत नाहीत म्हणे. हात स्थिर ठेवून, दीड किलोमीटरवर आल्यावर सोडायचे, आणि लक्ष्याच्या डोक्यावरून न जाता वळून निघायचं. वळायला एक किलोमीटर उरलेलं असावं. जवळ गेलं की नेम सोपा होतो, आणि खालच्यालाही सोपा होतो.

एकदा जिन्यातून डोकावून त्याच्या अप्पांनी पडदा पाहिला. ट्रकच्या आसपास चांगला धुरळा उठला होता. ते म्हणाले, ‘‘धूळ एद्दैती, साकु बिडो!’’ मी हसले, कारण हे वाक्य आमच्याच धारवाडच्या इतिहासातलं आहे.

सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यात टिपू सुलतानाचा सरदार बद्रुज्जमानखान होता. भाऊंच्या मदतीला मुंबईकर इंग्रजांची पलटण घेऊन कॅप्टन लिटल आला होता. किल्ला पडायला एप्रिल १७९१ उजाडला; सहा महिन्यांच्या वर. लिटलच्या पलटणीत एडवर्ड मूर नावाचा तरुण अधिकारी होता, पुढं हिंदू देवदेवतांवर मोठा ग्रंथ लिहिणारा तोच. त्यानं या मोहिमेची हकिकत १७९४ मध्ये छापली. त्यात मराठ्यांच्या तोफखान्याचं वर्णन आहे. तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून अर्धा तास तंबाखू ओढत गप्पा मारायच्या. मग बार काढायचा. भिंतीवरून भरपूर धूळ उडाली की काम झालं असं समजायचं आणि पुन्हा गप्पांना बसायचं. दुपारी एक ते तीन दोन्हीकडच्या तोफा बहुधा गप्प, जेवणाची सुट्टी! मूर परका होता, त्याच्या लेखणीत कुचेष्टा आहे हे धरूनच वाचायला हवं. भाऊंच्या सैन्याला बारूद आणि रसद कशी मिळत होती हा वेगळा विषय. पण धूळ पाहून समाधान मानण्याची जी खोड त्यानं टिपली ती काही मराठ्यांची मक्तेदारी नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना मला ती दरवर्षी भेटते. सहा पुरवण्या, आणि प्रश्नाच्या जवळपासही एक बार नाही.

अप्पा यावर म्हणतात, ‘‘तुमच्या मराठ्यांची तोफ, आमच्या मैसूरचा बाण.’’ घरात हा वाद दिवाळीच्या फराळाइतका जुना आहे. बाण मात्र दोन्हीकडचे होते. मराठी फौजेत बाण सोडणारे असत, आणि बाणदार हे आडनाव आपल्या भागात आजही आहे. कन्नडात दारूकामाला ‘बाणबिरुसु’ म्हणतात. पण हैदर-टिपूंनी बाणाची नळी लोखंडाची केली, त्यामुळे आतल्या दारूचा दाब वाढला आणि पल्ला दोन किलोमीटरच्या घरात गेला. टिपूच्या प्रत्येक कुशूनला, म्हणजे पलटणीला, बाणवाल्यांची तुकडी जोडलेली असे. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीचा गाळ काढताना असे हजाराहून अधिक बाण सापडले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी काही नमुने वूलविचच्या शस्त्रागारात नेले, त्यावरून विल्यम काँग्रीव्हनं आपले बाण केले. नेमाच्या बाबतीत टिपूचा बाणही बेभरवशाचाच. म्हणून ते एकेकटे सोडत नसत, शेकड्यांनी सोडत. मि-८ ला वीस-वीस नळ्यांचे गठ्ठे असतात ते याच कारणानं. एक लागत नाही, तर वीस सोडा. जमिनीवर लांबट पोळीच्या आकाराचा पट्टा भाजून निघतो आणि लक्ष्य त्या पोळीत यावं एवढीच अपेक्षा.

सासूबाई नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांना वर चढवत नाही, पण आवाज खाली ऐकू जातो. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘यारिगे होड्याकत्तान?’’ कुणाला मारतोय? मुलानं वरूनच उत्तर दिलं, ‘‘यारिगू इल्ल अज्जी, बरे ट्रक.’’ कुणाला नाही, नुसता ट्रक.

ते ऐकून मी त्याला १९९९ सांगितलं. तेव्हा मी कर्नाटक विद्यापीठात शिकत होते; कारगिलच्या बातम्या आम्ही मैत्रिणी वसतिगृहाच्या हॉलमध्ये उभ्यानं पाहत असू. २६ मे रोजी हवाई दलाचं ‘सफेद सागर’ सुरू झालं आणि मि-१७ हेलिकॉप्टरं ५७ मिलिमीटरचे बाण लावून तोलोलिंगच्या बाजूला गेली. पंधरा-सोळा हजार फुटांवरचे डोंगर. हवा विरळ, पात्यांना उचल कमी, आणि बाण-बाँब नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे पडत नाहीत, कारण कोष्टकं खालच्या जाड हवेची. लक्ष्य म्हणजे खडकाआड रचलेले दगडी आडोसे. २७ तारखेला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांनी बाणांचाच मारा केल्यावर त्यांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं. ते शत्रूच्या हाती सापडले आणि ३ जूनला परत मिळाले. २७ मे रोजीच स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा गेले. २८ मे रोजी मि-१७ ची तुकडी पुन्हा तोलोलिंगवर गेली. बाण सोडून वळताना एकाला खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. त्यात चौघे होते: स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू. कुणीही वाचलं नाही. त्यानंतर मि-१७ ना या कामावरून काढलं. महिनाभरानं, २४ जूनला, टायगर हिलवर मिराज विमानांनी लेसरनं वाट दाखवलेले बाँब टाकले, दुरून आणि उंचावरून.

मुलगा सगळं ऐकून घेत होता. मग त्यानं विचारलं, ‘‘आई, ते वळले किती अंतरावर?’’ मला आधी राग आला. चार माणसांची नावं सांगावीत आणि पोरानं अंतर विचारावं? पण त्याच्याकडे पाहिलं तर तो पडद्याकडे बघत नव्हता. त्याच्या हिशेबात वळण्याचं अंतर हीच जगण्या-मरण्याची गोष्ट होती, आणि त्याला ते नावांपेक्षा वेगळं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं सिम्युलेटरमध्ये नकाशा बदलला. डोंगराळ भाग, खाली खांद्यावर क्षेपणास्त्र घेतलेली माणसं. सलग अकरा वेळा तो पडला. बाराव्या वेळी बाण न सोडताच परत आला आणि म्हणाला, आज वारा वाईट होता. हे मला त्याच्या आजवरच्या सगळ्या नेमांहून बरं वाटलं, पण त्याला तसं बोलले नाही. सतराव्या वर्षी आईची शाबासकी जपून खर्चावी लागते.

मग तुम्ही त्याला पाठवणार का, असं ओळखीचे लोक विचारतात. विशेषतः एकुलता एक आहे हे माहीत असलेले. अप्पा ‘होगली’ म्हणतात, त्यांना शंका नाही. मला शंका आहे, पण ती त्याच्या वाटेत ठेवायची नाही एवढं मी ठरवलं आहे. आपल्या भागात बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. कुणाच्या ना कुणाच्या घरातला मुलगा गेलेलाच असतो. त्या आयांना कुणी विचारलं होतं? शिवाय आता काळ वेगळा आहे. २०२२ मध्ये हवाई दलात आलेलं ‘प्रचंड’ हेलिकॉप्टर आपल्या बेंगळूरच्या एच.ए.एल.नं बनवलं आहे, तुमकूरजवळ २०२३ मध्ये हेलिकॉप्टरांचा नवा कारखाना सुरू झाला. ‘प्रचंड’वरही ७० मिलिमीटरचे बाण आहेतच, फक्त हिशेब संगणक करतो. मुलाचं यावर मत असं, की संगणक बंद पडला तर गोळी मधे ठेवता आली पाहिजे.

सध्या गणित चालू आहे, कारण लेखी परीक्षेत गणिताला तीनशे गुण. ती पार पडली तर मुलाखतीचं बोलावणं, बहुधा म्हैसूरच्या निवड मंडळाचं. तिथं वैमानिकपणाची एक संगणकावरची चाचणी असते. हात, डोळा आणि पाय एकमेकांचं ऐकतात का ते पाहणारी. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालं तर पुन्हा नाही. सासूबाईंना हे कळल्यापासून त्यांनी त्याच्यासाठी सोमवार धरले आहेत. त्यानं मात्र मला म्हैसूरच्या रात्रीच्या गाडीची वेळ पाहून ठेवायला सांगितली आहे, आणि बजावलं आहे, की स्टेशनवर यायचं नाही.