मागे राहिलेला कोट

गेल्या महिन्यात धाकट्या मुलाने एक इंग्रजी सिनेमा लावला होता, २०१८ सालचा 'द व्हॅनिशिंग'. स्कॉटलंडच्या समुद्रातलं एक बेट, त्यावर दीपगृह आणि तीन राखणदार. सोन्याने भरलेली एक पेटी त्यांच्या हाती लागते आणि मग सोन्यापायी खून पडायला लागतात. मी भाजी निवडत अर्धवट बघत होते. मध्येच मुलगा म्हणाला, "अम्मी, ही तीन माणसं खरी होती. नावंसुद्धा खरी आहेत. एक दिवस बेटावरून गायब झाली, परत सापडलीच नाहीत."

"आणि सोनं?"

"सोनं सिनेमावाल्यांनी घातलंय."

हातातली भाजी तशीच राहिली. समुद्रात गायब झालेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय घालतात, हे मला सिनेमाने शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात ते झालेलं आहे. त्याबद्दल लिहीनच. पण आधी त्या तिघांबद्दल जे खरं आहे ते सांगते. मागचे पंधरा दिवस मी तेच वाचत बसले होते.

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिमेला सुमारे २० मैलांवर, अटलांटिक महासागरात, फ्लॅनन नावाची छोटी छोटी बेटं आहेत. त्यातल्या सर्वांत मोठ्याचं नाव आयलन मोर. तिथल्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ 'मोठं बेट' एवढाच. मोठं म्हणायचं, पण त्यावर वस्ती नाही. गवत, उभे कडे आणि एका जुन्या प्रार्थनाघराचे दगड. डेव्हिड स्टीव्हन्सन या अभियंत्याने तिथे ७५ फुटी दीपगृह बांधलं. दगड, लोखंड, तेल, सगळं बोटीतून आणून कड्यावर चढवायचं. कामाला चार वर्षं लागली. ७ डिसेंबर १८९९ रोजी दिवा लागला.

बेटावर एका वेळी तीन राखणदार असत. चौथा लुईसवर आपल्या घरी सुट्टीवर. ठरावीक दिवसांनी 'हेस्परस' नावाची बोट येई, शिधा आणि तेल उतरवी, एकाला नेई, एकाला सोडी. रात्रभर पाळ्या लावून दिवा जागवायचा, सकाळी भिंगं पुसायची, तेल भरायचं, हवेची आणि वाऱ्याची नोंद करायची. बेटावर वायरलेस नव्हता, त्यामुळे बोट येईपर्यंत या तिघांचा जगाशी संबंध म्हणजे तो दिवाच. लांबून लोकांना दिवा दिसला, म्हणजे बेटावर सगळं ठीक आहे.

डिसेंबर १९०० मध्ये बेटावर होते जेम्स डकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. डकॅट मुख्य राखणदार, वय ४३, घरी बायको आणि चार मुलं. मार्शल २८ वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. मॅकआर्थर ४० वर्षांचा, बायको आणि दोन मुलांचा बाप. तो कायमचा नोकर नव्हता, आजारी पडलेल्या दुसऱ्या एकाच्या जागी बदली म्हणून गेला होता.

१५ डिसेंबरच्या रात्री 'आर्क्टर' नावाचं जहाज तिथून गेलं. त्यावरच्या लोकांना दिवा दिसला नाही. जहाज बंदराला लागलं, पण ही बातमी जिथे पोचायला हवी होती तिथे वेळेवर पोचली नाही. 'हेस्परस' २० तारखेला जायची होती, ती खराब हवेमुळे अडकली आणि २६ तारखेला दुपारी पोचली. कप्तानाने भोंगा वाजवला, बाण सोडला. कुणी धक्क्यावर आलं नाही. मग सुट्टीवरून परत येत असलेला चौथा राखणदार, जोसेफ मूर, एकटा वर चढून गेला.

मूरने जे पाहिलं ते त्याने लिहून ठेवलंय. फाटक बंद होतं. दार बंद होतं. चुलीत कित्येक दिवस विस्तव नव्हता. घड्याळ बंद पडलेलं. बिछाने रिकामे. स्वयंपाकघरातली भांडी घासून जागेवर ठेवलेली, त्यावरून त्याने ताडलं की दुपारचं जेवण उरकून ते बाहेर पडले असावेत. वर दिवा पुसलेला आणि तेल भरलेलं, संध्याकाळी फक्त पेटवायचा बाकी. नोंदवहीत १३ तारखेपर्यंतच्या नोंदी होत्या आणि पाटीवर १५ तारखेच्या सकाळी ९ पर्यंतच्या. डकॅट आणि मार्शल यांचे पावसाळी कपडे आणि बूट नव्हते. मॅकआर्थरचा कोट मात्र तिथेच होता.

तीन दिवसांनी रॉबर्ट म्युरहेड नावाचे अधिकारी चौकशीला आले. त्या तिघांना ते ओळखत होते. ७ डिसेंबरला ते बेटावर येऊन गेले होते आणि निघताना त्यांनी तिघांशी हात मिळवला होता. त्यांच्याशी हात मिळवणारा शेवटचा माणूस आपणच, हे दुःख त्यांनी सरकारी अहवालात लिहिलंय. पश्चिमेच्या धक्क्याकडे त्यांना दिसलं की समुद्रापासून ११० फूट उंचीवर दोर ठेवायची एक पेटी होती, ती फुटून सामान विखुरलंय. लोखंडी कठडे वाकलेत. एक टनाहून जड दगड जागचा हललाय. २०० फुटांवर कड्याच्या माथ्यावरची हिरवळ उपटून निघालीय.

त्यांचा निष्कर्ष साधा होता. शनिवारी १५ तारखेला दुपारच्या जेवणानंतर ती माणसं पेटी आणि दोर सांभाळायला धक्क्याकडे उतरली, आणि अचानक आलेल्या प्रचंड लाटेने त्यांना ओढून नेलं. मॅकआर्थर नुसत्या शर्टावर बाहेर पडला होता. दीपगृह कधी रिकामं सोडायचं नाही, एकाने तरी आत थांबायचं, ही राखणदारांची शिस्त. ती मोडून, डिसेंबरच्या थंडीत कोट न घालता माणूस बाहेर धावतो तो कशासाठी? माझ्या मते एकच कारण असू शकतं. खाली कुणाला तरी मदतीची गरज होती.

तिघांपैकी एकाचीही मय्यत सापडली नाही.

आता यात खून नाही, सोनं नाही, भूत नाही. पण लोकांना एवढ्यावर चैन पडलं नाही. १९१२ मध्ये विल्फ्रिड गिब्सन या कवीने या घटनेवर कविता लिहिली. तिच्यात जेवणाचं ताट तसंच वाढलेलं आहे आणि खुर्ची उलटी पडलेली आहे. कवितेतली ती खुर्ची इतकी गाजली की पुढे लोक ती खरी मानून सांगू लागले. नंतर कुणीतरी नोंदवहीतल्या खोट्या नोंदी छापल्या. त्यात म्हणे राखणदार रडत होते, दुआ मागत होते. दीपगृहाच्या नोंदवहीत वाऱ्याची दिशा लिहितात, कोण रडलं ते लिहीत नाहीत, एवढा साधा विचारही कुणी केला नाही. मग समुद्री राक्षस आले, परदेशी हेर आले, वेड लागून एकाने दोघांना मारलं असंही आलं. घासलेली भांडी आणि भरलेला दिवा मात्र सगळे विसरले.

आता आमच्या घरची गोष्ट.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं. कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात त्या काळी घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा, कुणी सारंग, कुणी टंडेल, कुणी साधा खलाशी. माझा मामू खलाशी होता. सुट्टीत आला की आम्हां पोरांना ओसरीवर बसवून गोष्टी सांगायचा. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधला आणि १८६७ मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभारलं. मामू म्हणायचा, "मुंबईला येताना खांदेरीची बत्ती दिसली की अर्धं घर आलं समज. तिथे कोण बसलाय, हिंदू का मुसलमान, काळा का गोरा, आपल्याला माहीत नाही. पण तो जागा आहे म्हणून आपण घरी येतो."

१९८१ च्या जानेवारीत युरोपातल्या एका बंदरातून जहाज निघालं आणि दोन दिवसांनी सकाळच्या हजेरीला मामू नव्हता. रात्री समुद्र खवळलेला होता. त्याला पडताना कुणी पाहिलं नाही. कंपनीचं पत्र आलं, त्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. पाठोपाठ ट्रंक आली. तिच्यात सामानाची यादी होती, कप्तानाच्या सहीची. लुंग्या दोन, जानमाज एक, मुलीसाठी घेतलेलं कापड, नानीच्या नावाचं पाकीट, त्यात साठवलेले पैसे. आणि शेवटी, गरम कोट एक.

मोहल्ल्यात महिन्याभरात कुजबुज सुरू झाली. तो बंदरातच उतरला, कप्तानाने आपली मान सोडवायला तसं लिहिलं. तिकडे त्याची गोरी बायको आहे. कुणाच्या तरी भाच्याने त्याला बाजारात पाहिलंय. नानी प्रत्येकाला एकच सांगायची, "जानेवारीच्या थंडीत कोट टाकून कोण पळतो रे? आणि पैसे ठेवून?" लोक मान हलवायचे आणि उंबरठ्याबाहेर पडून पुन्हा तेच बोलायचे.

या बोलण्याचं ओझं मुमानीने उचललं. ती बेवा नव्हती, म्हणून इद्दतीला बसू शकत नव्हती. सुहागन म्हणावं तर नवरा कुठे? फिकहमध्ये अशा हरवलेल्या माणसाला 'मफकूद' म्हणतात आणि त्याच्या बायकोने किती थांबायचं, यावर इमामांची वेगवेगळी मतं आहेत. १९३९ च्या कायद्याने भारतातल्या मुसलमान बाईला, नवऱ्याचा चार वर्षं पत्ता नसेल तर, कोर्टातून निकाह संपवता येतो. तो कायदा तिला कुणी सांगितला नाही. सांगितला असता तरी ती गेली असती की नाही, मला माहीत नाही. कारण कोर्टात जाणं म्हणजे तो जिवंत आहे आणि आपल्याला सोडून गेलाय, असं कबूल करणं. तेवढं तिला नको होतं.

आणि एक गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मामेबहिणीशी चिंचांवरून भांडण झालं आणि मी तिला सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "तुझा बाप गोरीबरोबर पळाला." ती काही बोलली नाही. हातातल्या चिंचा तिने माझ्यासमोर खाली ठेवल्या आणि घरी गेली.

सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा त्याला मेलेला मानतो. १९८८ मध्ये नानाने जमातीला विचारलं. आम्ही शाफई. आमच्यात मय्यत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढता येते. खुद्द पैगंबरांनी हबशाच्या बादशहाची, नजाशीची, नमाज दुरून पढली होती. जुम्म्यानंतर मामूची गायबाना नमाज झाली आणि मुमानी इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस. नानी म्हणाली, "बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे. माझ्या पोराला लोकांनी सात वर्षं पळपुटा ठेवला." पुढच्याच वर्षी ती गेली.

सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून लांब राहायला सांगितलंय. आपण ते जिवंत माणसांपुरतं समजतो. पण सगळ्यात जास्त गुमान आपण अशा माणसाबद्दल करतो, जो परत येऊन जाब विचारणार नाही. त्याची रिकामी जागा आपल्याला सहन होत नाही. मग तिथे आपण बायको बसवतो, खून बसवतो, सोन्याची पेटी बसवतो. 'माहीत नाही' म्हणून गप्प बसायला जो सब्र लागतो तो आपल्याकडे नसतो. खरं तर जाणाऱ्याने मागे साक्ष ठेवलेली असते, घासलेली भांडी, तेल भरलेला दिवा, आईच्या नावाचं पाकीट. ती चटपटीत नसते, म्हणून कुणी बघत नाही.

मॅकआर्थरच्या कोटाबद्दल वाचलं त्या रात्री मी मामेबहिणीला फोन केला. आता ती स्वतः नानी झालीय. तिला मी त्या बेटाची गोष्ट सांगितली. मग चिंचांच्या दिवसाबद्दल माफी मागितली. चाळीस वर्षं उशिरा.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला आठवतं. तू एकटीच नव्हतीस गं, सगळेच बोलत होते." थोडं थांबून विचारलं, "त्या बेटावर मग पुढे काय झालं?"

मी म्हणाले, "जोसेफ मूर आणि जहाजावरचे तिघेजण तिथेच थांबले. त्याच रात्री त्यांनी दिवा लावला. पुढे १९७१ पर्यंत राखणदार तिथे पाळ्या करत राहिले. मग तो आपोआप चालणारा केला. अजून लागतो."

"मूरला भीती नाही वाटली?"

"वाटली असणार. त्याची मनःस्थिती फार खराब झाली होती, असं अहवालात लिहिलंय. तरी थांबला."

ती म्हणाली, "अब्बांच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे. नानीने मला दिली होती. फोटो काढून पाठवते."

पाठवला. पिवळा पडलेला कागद, घडीवर फाटलेला. शेवटच्या ओळीत कोट आहे. कुणीतरी, बहुधा नानीनेच, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीय. नानीला लिहिता येत नव्हतं, रेघ मारता येत होती.

अल्लाह मामूची मगफिरत करो. आणि त्या तिघांच्या घरच्यांनी लोकांचं जे जे ऐकून घेतलं असेल, त्याचा हिशोब त्याच्यापाशी आहेच.