एक संगणक की तीन खुर्च्या?

२०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली. माझी पुतणी बी.ए. झालेली, अभ्यास चांगला. कोल्हापूरच्या केंद्रावरून संध्याकाळी ती इस्लामपूरला परतली ती गप्पच. रात्री जेवताना म्हणाली, "काका, प्रश्न येत होते. पण माऊस हातात बसेना. क्लिक करायला जावं एका ठिकाणी, तर बाण पळायचा भलतीकडंच."

शंभर प्रश्न, दोन तास आणि पडद्यावर उलटे चालणारे घड्याळ. त्यातली सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे तिची बाण धरण्यातच गेली. मोबाईल तिच्या हाताला सरावाचा, पण माऊस तिने त्या दिवसापर्यंत धरलाच नव्हता. आणि मी, तिचा सख्खा चुलता, वीस वर्षे कचेरीत संगणकावर पगारपत्रके काढतो आहे. समाजाची कामे करत गावभर हिंडतो. घरातल्या पोरीला माऊस ठाऊक नाही, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

विहाराच्या पुढच्या बैठकीत मी विषय मांडला. अभ्यासिकेला संगणक घ्यावा यावर दुमत नव्हते. केवढा घ्यावा, यावर मात्र दोन बैठका गेल्या. जयंती मंडळाच्या तरुणांनी कोटेशनच आणले, पासष्ट हजारांचे. सोळा जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड, मिरवणुकीचा व्हिडिओ तिथेच तयार व्हावा असा. त्यांचे म्हणणे, समाजाचा पैसा आहे, घ्यायचे तर एकदाच दणकट घ्या. मला त्यांचा राग आला नाही. दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या वस्तूंवर आपल्या पिढ्या गेल्या. आता तरी नवे आणि उत्तम हवे, असे पोरांना वाटले तर त्यात वावगे काय?

पण मी पडलो बी.कॉम.चा माणूस. कागद घेतला आणि या यंत्रावर आपण करणार काय, ते लिहून काढले. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला स्कॅन करून ठरलेल्या केबीत बसवणे. मोबाईलवर हे करताना घामच फुटतो. मराठी टंकलेखनाचा सराव, सराव परीक्षा, महिला मंडळाच्या बचत गटाचा हिशेब. यातल्या एकाही कामाला पासष्ट हजार लागत नाहीत. २००२ साली मी एमएस-सीआयटी शिकलो तेव्हा आमच्या यंत्रात १२८ एमबी रॅम होती. त्यावर आम्ही पत्रेही टाइप केली आणि ताळेबंदही मांडले. आजची आठ जीबी म्हणजे त्याच्या चौसष्ट पट. माणसाचे पगारपत्रक काही चौसष्ट पटींनी वाढलेले नाही. वाढले आहे ते वेबसाइटींचे वजन.

माझे आकडे कोणी फारसे ऐकले नाहीत. महिला मंडळाच्या आक्का मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "आरं बाबा, त्या मोठ्या कंपूटरापुढं खुर्च्या किती?"

"एकच, आक्का."

"मग बाकीची पोरं काय हुभी ऱ्हायाची?"

वाद तिथेच मिटला. एका मोठ्या यंत्राऐवजी तीन साधी, वापरलेली पण दुरुस्त केलेली यंत्रे घ्यायचे ठरले.

आता माझी चूक सांगतो. काटकसरीच्या भरात पहिले यंत्र मी सात हजारांना आणले. चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत. पेठ नाक्याकडून येणारी एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असताना ते मधेच थिजले. सगळे पुन्हा भरावे लागले आणि तिची शेवटची बस चुकली. मी तिला मोटारसायकलवरून घरी पोचवले. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कारागिराला बोलावले. त्याने हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, चार जीबी रॅम वाढवली आणि साडेतीन हजार घेतले. तेच यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागले. त्याने समजावून सांगितले, की जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई माहिती हुडकत जाते, एसएसडीत फिरणारे काही नसतेच. यंत्राचा मेंदू बरा होता, कपाटातून कागद काढायलाच वेळ लागत होता.

पुढची दोन यंत्रे आठ जीबी आणि एसएसडी पाहूनच घेतली, बारा-बारा हजारांना. एकूण साडेचौतीस हजार झाले. उरलेल्यात प्रिंटर-स्कॅनर आला, वीज गेली तर अर्धा भरलेला अर्ज वाचावा म्हणून यूपीएस आला, टेबल-खुर्च्या आल्या. वसंत मून यांनी संपादित केलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड राज्य शासनाने १९७९ साली काढला. त्याची जाडजूड पीडीएफही या यंत्रांवर बिनबोभाट उघडते.

तरी सगळे निभावले असे नाही. मिरवणुकीचा व्हिडिओ करायला पोरांनी घेतला आणि यंत्र लटकले. त्या बाबतीत त्यांचेच खरे होते. दुसरे असे, की ही यंत्रे इंटेलच्या चौथ्या पिढीची. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. म्हणून दोन यंत्रांवर आम्ही फुकटचे लिनक्स घातले. त्यावर अर्ज, हिशेब, मराठी टायपिंग सगळे होते. टंकलेखन परीक्षेच्या सरावाचा प्रोग्राम मात्र विंडोजचाच, म्हणून तिसऱ्यावर ते ठेवले आणि त्याचे इंटरनेट काढले. दुसऱ्या गावचे कार्यकर्ते विचारतात तेव्हा मी सांगतो, वापरलेले घ्या, पण आठवी पिढी, आठ जीबी आणि एसएसडी याच्या खाली उतरू नका.

संध्याकाळी पाच ते नऊ पाळ्या लावल्या आहेत. तक्ता पुतणी लिहिते आणि नव्या मुलांना पहिले दोन दिवस फक्त माऊस धरायला लावते. जयंती मंडळाने आता चौथ्या यंत्राची मागणी केली आहे, व्हिडिओसाठी, मोठेच हवे म्हणतात. रविवारी बैठक आहे. आक्कांनी निरोप धाडलाय, मी आल्याबिगार ठरवू नगा.