सातवी चाल

स्पर्धेत पांढरी बाजू आली आणि समोरच्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ वर काढला, की मी लगेच बी४ वर प्यादं देऊन टाकतो. इव्हान्स गॅम्बिट. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श कप्तानाने १८२०च्या दशकात शोधलेली ही ओपनिंग. शिकायला येणाऱ्या मुलांना वाटतं, प्यादं दिलं की आता नुसतं तुटून पडायचं. त्यांना मी एकच डाव दाखवतो : कास्पारोव्ह विरुद्ध आनंद, रीगा, १९९५, ताल स्मृती स्पर्धा.

आनंदने प्यादं खाल्लं, उंट ई७ वर परत नेला आणि घोडा ए५ वर आणून सी४ वरच्या उंटावर डोळा ठेवला. सातवी चाल कास्पारोव्हची. त्याने तो उंट ई२ वर मागे घेतला. एक प्यादं कमी असताना माघार! मुलं बुचकळ्यात पडतात. मला मात्र अख्ख्या डावात हीच चाल सर्वांत प्रिय आहे. हल्ल्याची घाई नसणं ही फार मोठी ताकद आहे, आणि ती इथे दिसते.

पुढे वजीर डी४, एच४, जी३ असा फिरत जी७ वर रोख धरतो. काळ्याने किल्लेकोट केला तर एच६ वर उंट येणार, म्हणून त्याला जी६ खेळावं लागतं. तरी उंट एच६ वर येतोच, आणि राजा मध्येच अडकतो. पहिल्या सोळा चालींपैकी नऊ चाली काळ्याने घोड्यांवरच घालवल्या आहेत. प्याद्याच्या मोबदल्यात पांढऱ्याला मिळाला तो हा वेळ.

पंचविसाव्या चालीला हत्ती ई१ वर आला आणि आनंदने डाव सोडला. दोन प्यादी जास्त, दोन्ही उंट शाबूत, तरीही. कारण सातव्या चालीपासून ई२ वर बसलेला उंट आता सी४ वर परतणार. मग घोडा, उंट, वजीर आणि त्याच्या पाठीशी हत्ती, सगळ्यांचा रोख ई६ वरच्या काळ्या उंटावर.

ही स्थिती पटावर मांडून मी काळी बाजू मुलांकडे देतो आणि म्हणतो, वाचवा. मोहरी मोजून ती खुशीत बसतात. ई६ वरचा उंट हलवला तर राजाला शह, नाही हलवला तर तोच जातो, हे कळेपर्यंत घड्याळातली बरीच मिनिटं गेलेली असतात.