तुरुंगातली राखी

लग्नपत्रिकेत नाव छापायचे राहून गेले, एवढ्यावरून दोन सख्ख्या भावांची घरे वर्षानुवर्षे एकमेकांची पायरी चढत नाहीत. मनातली अढी कशी जपावी, तर वडिलोपार्जित ठेव असल्यासारखी! दर रविवारी मिस्साला जाणारी घरेही याला अपवाद नाहीत.

मग सिस्टर सेल्मी पॉल यांना काय म्हणावे? त्यांची थोरली बहीण सिस्टर राणी मारिया. मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशात उदयनगर भागातील आदिवासींना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदरसिंगने त्यांना भोसकले. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या.

२००२ च्या रक्षाबंधनाला सेल्मी तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने वार केले, त्याच हाताला त्यांनी राखी बांधली.

मधली सात वर्षे मात्र विसरू नयेत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा मागताना, आपणही इतरांना क्षमा केली आहे, असे म्हणावे लागते. ओठांवर ते लवकर येते, पोटातून यायला वेळ लागतो. शिवाय क्षमा म्हणजे गुन्हा पुसणे नव्हे. समंदरसिंगने अकरा वर्षे तुरुंगवास भोगलाच. २००६ मध्ये तो सुटला, त्या सुटकेला राणी मारियांच्या घरच्यांचा पाठिंबा होता. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. तेच हात!

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्या सोहळ्याला समंदरसिंगही हजर होता.