लाल कॅप्सूल आणि आईचा शब्द

आईच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली होती. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी तिला नित्य घ्यावी लागे. पुढे तिला क्षयरोग जडला आणि आमच्या नालवाडीच्या घरात रिफॅम्पिसिनची लाल कॅप्सूल आली. हे औषध या परिसराला परके नव्हते. जवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारात पुढे हीच कॅप्सूल आली. मात्र तेथे ती महिन्यातून एकदा, आईला रोज.

काही आठवड्यांतच रक्ततपासणीचा आकडा घसरला. वॉरफॅरिनची मात्रा वाढवली, तरी तो वर येईना. आई गोळ्या चुकवते, असा निष्कर्ष आम्ही भावंडांनीच काढला आणि तिच्या उशाशी बसून गोळ्या मोजू लागलो.

"काहून रे, आईवर एवढाही भरोसा नाही तुमचा?" तिने विचारले. आम्ही मोजत राहिलो.

आई खरेच बोलत होती. यकृताच्या पेशींत पीएक्सआर नावाचे प्रथिन असते. रिफॅम्पिसिन त्याला चिकटले की ते काही जनुकांच्या आरंभीच्या नियंत्रक भागावर, म्हणजे प्रमोटरच्या परिसरात, जाऊन बसते आणि ती जनुके जोमाने कामाला लागतात. त्यांपासून बनणारी विकरे वॉरफॅरिनचा फडशा पाडतात. औषध जंतूंना मारते एवढेच आम्हांस ठाऊक. ते आपल्या पेशींनाही निरोप देते, हे आमच्या गावीही नव्हते.

असा निरोप मुद्दाम देण्याची युक्ती शास्त्रज्ञांनी साधली आहे. १९९२ साली हायडेलबर्गच्या मॅनफ्रेड गोसेन व हेरमान बुयार्ड यांनी टेट्रासायक्लिन ओळखणारे जिवाणूंचे प्रथिन बदलून सस्तन प्राण्यांच्या पेशींत आणले आणि जनुकाला जणू बटण लावले. औषध दिले की जनुक बंद. १९९५ साली उलट रचनाही जमली: डॉक्सीसायक्लिन दिले की जनुक चालू. प्रथिन जिवाणूंचेच का? यकृतातील बटण दाबले की अनेक दिवे एकदम लागतात. उसन्या बटणाची तार मात्र शास्त्रज्ञाने जोडलेल्या दिव्यालाच जाते.

आईच्या बाबतीत बटण बंद होण्याचा काळ अधिक जोखमीचा होता. रिफॅम्पिसिन थांबल्यावर विकरे हळूहळू ओसरतात, आणि वाढवलेली वॉरफॅरिनची मात्रा तशीच राहिली तर रक्तस्राव व्हायचा. म्हणून वरचेवर रक्त तपासून ती उतरवावी लागली. त्या दिवसांत गोळ्या आईच आमच्यासमोर मोजून दाखवी, आम्ही नको म्हटले तरी.