शेळीच्या दुधात काय उतरतं

आमच्या तुळजापूर तालुक्यात शेळी म्हणजे उस्मानाबादी. काळीभोर, काटक, बहुतेकदा जुळी देणारी. लोक ती करडांसाठी, बोकडांसाठी पाळतात. दूध मुळात थोडं, त्यातलं बरंचसं करडं पितात. उरलेलं घरातल्या पोरांना, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला. थोडंच आहे, म्हणून तरी ते कसदार असावं, असं मला कायम वाटत आलं.

पावसाळ्यात शेळ्या बोर, बाभूळ, हिवर ओरबाडत बांधाबांधानं फिरतात. उन्हाळ्यात रान उघडं पडतं, मग कडबा नाहीतर सोयाबीनचं भुसकट. त्यावरही शेळी जगते, दूधही देते आणि ते दिसायला पूर्वीइतकंच पांढरं असतं. इथंच फसगत होते. गाईनं हिरवा चारा खाल्ला की दुधाला पिवळसर झाक येते, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन दुधात उतरतं. शेळी मात्र जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. हिरवं बंद झालं की दुधातलं अ आणि ई जीवनसत्त्व घटतं, पण रंगावरून काही कळत नाही. आमच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी हे गोठ्यात उभं राहून समजावलं, तेव्हापासून मी दुधाच्या आधी गव्हाणीकडे बघायला लागले.

बांधावर शेवरी लावली, विहिरीच्या पाटाकडेला दशरथ घास, कुंपणाला सुबाभूळ. शेळीला मान वर करून पाला ओढायची सवय, म्हणून पेंढ्या तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगते. जमिनीवर टाकलेला चारा ती तुडवते आणि मग त्याला तोंड लावत नाही. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देत नाही. त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात, गलगंड होतो.

मग जवस. आमच्याकडं जवसाची चटणी घरोघर होते, पण शेळीच्या खुराकात जवस म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, माणसाला मिळंना आन् शेळीला?” त्यांना कारण सांगितलं. जवसात ओमेगा-3 जातीची चरबी असते. शेळीच्या पोटातले जिवाणू त्यातली बरीचशी मोडून टाकतात, तरी थोडा वाटा दुधात पोचतो. हिरव्या पाल्याचंही तसंच. जवस मी भाजून, भरडून, मूठभरच घालते. कच्च्या जवसात विषारी अंश असतो, आणि तेलबी जास्त झाली की चाऱ्याचं पचन बिघडतं. दूध वाढावं म्हणून नुसता मक्याचा भरडा ओतणाऱ्यांनाही मी हेच सांगते. धान्य वाढलं आणि वैरण घटली, की पोट आंबतं आणि दुधाचं फॅट उतरतं.

पण शेळीच्या पोटात घातलेलं सगळंच दुधात येत नाही, हेही तितकंच खरं आहे. आयोडीन येतं, म्हणून आयोडीन असलेलं क्षार मिश्रण रोज देते. कॅल्शियमचं मात्र वेगळं आहे. चाऱ्यात ते कमी पडलं तरी दुधातलं फारसं घटत नाही; शेळी स्वतःच्या हाडांतून काढून ते दुधात घालते. हे कळल्यावर माझा जीव कळवळला. क्षार मिश्रण केवळ आपल्या पेल्यासाठी नाही, तिच्या हाडांसाठीही द्यायचं असतं. फोलेटचं तर कितीही पाला घाला, शेळीच्या दुधात ते गाईच्या दुधाच्या साधारण पाचवा हिस्साच. नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळांना यामुळं रक्तक्षय झाल्याचं डॉक्टर मंडळी फार पूर्वीपासून जाणून आहेत.

म्हणून तान्ह्या लेकरासाठी कुणी दूध मागायला आलं, तर मी आधी आईच्या दुधाचं विचारते. सहा महिन्यांपर्यंत तेच, दुसरं काही नाही. आईला येतच नसेल तर दवाखान्यात पाठवते. मोठ्या पोरांना, म्हाताऱ्यांना मात्र आनंदानं देते, आणि उकळूनच प्या म्हणून बजावते. शेळीचं कच्चं दूध औषधी, असं अजून पुष्कळजण मानतात. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो, तेव्हा त्या समजुतीला मी जागेवरच नाही म्हणते.

आमच्या बचत गटातल्या बाया नवी शेळी घ्यायच्या आधी सल्ला विचारतात, कुठल्या बाजारातून आणू, किती दाताची घेऊ. मी म्हणते, आधी मृगाच्या पावसावर बांधाला शेवरी लावा. ती छाटणीला आली की शेळी आणा. उन्हाळ्यात ज्या दारात हिरवा पाला आहे, त्याच दारातलं दूध बारा महिने कसदार राहतं. हा कस शेळीसोबत बाजारातून विकत आणता येत नाही, तो बांधावर पिकवावा लागतो.