पांढरा धूर

तर झालं असं, की 2020 च्या जानेवारीत चार दिवस सुट्टी टाकून मी शिरोळला मामाकडे गेलो. हेतू अगदी शुद्ध होता. गुऱ्हाळावरची काकवी खायची, लॅपटॉप उघडायचा नाही, आणि झोपायचं. पण पहिल्याच दिवशी पहाटे साडेपाचला घर्र... घर्र... अशा आवाजानं जाग आली.

दारात मामाचा जुना सहाचाकी ट्रक, रात्री उसानं भरून उभा केलेला. मामा सेल्फ मारत होता. बऱ्याच वेळानं इंजिन लागलं, अंगात कापरं भरल्यासारखं थरथरलं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघाले आणि मिनिटाभरात गाडी बंद. परत घर्र घर्र. मोबाइलवर तापमान 13 अंश.

"रोजचंच हाय हे," मामा म्हणाला. "दहा वाजता बघ, घोड्यागत पळती."

ही गंमत नव्हती. तोडलेला ऊस वाळतो, त्याचं वजन घटतं, आणि पैसे मिळतात ते वजनावर. दत्त कारखान्याच्या यार्डात जितक्या उशिरा नंबर लागेल, तितकी दिवसातली दुसरी खेप दुरावते. तिकडे फडात बीडकडची टोळी गाडीची वाट बघत बसलेली. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, की पंप आणि नोझल उतरवायला लागतील, खर्च पन्नास हजारांच्या घरात. मामानं मनातल्या मनात गाडी विकायला काढलीच होती. फक्त मामीला सांगितलं नव्हतं.

आता घरात इंजिनियर म्हटल्यावर मी गप्प बसणार थोडाच! (सॉफ्टवेअरचा असलो म्हणून काय झालं?) दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 2019 मध्ये, इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 अंशांतही प्रवाही राहणारं डिझेल आणल्याची बातमी मी वाचली होती. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो, हेही ठाऊक होतं. थंडी आहे, डिझेल आहे, गाडी बंद पडते आहे. सुटलं की गणित!

दुसऱ्या पहाटे मी बंबातलं गरम पाणी आणून डिझेल फिल्टरवर ओतलं. मामानं सेल्फ मारला आणि गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली! धूर होता, पण बंद पडली नाही. माझी कॉलर ताठ. मामीनं चहासोबत जास्तीची खारी दिली. तिसऱ्या दिवशी मात्र दोन तपेली पाणी ओतूनही गाडी ढिम्म.

शेवटी मामानं त्याच्या ओळखीच्या मेस्त्रींना बोलावलं. साठीचे गृहस्थ, डोक्याला मफलर, तोंडात तंबाखू. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी मामाला प्रश्न. धूर पांढरा का काळा? टाकी भरलेली असली की कशी चालते? पूर आला तेव्हा गाडी कुठं हुती?

मी माझा मेणाचा सिद्धांत मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "पाव्हणं, तुम्ही गरम पाणी घातलं तवा हातपंप कोण मारत हुतं?"

मामाच मारत होता. फीडपंपाला एक छोटा हातपंप असतो, तो दाबून डिझेल पुढे ढकलता येतं. त्या पहाटे मी पाणी ओतत असताना मामा तिकडे वीसेक वेळा पंप मारून मग केबिनमध्ये चढला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या पाण्यावर विश्वास ठेवून त्यानं तो मारलाच नाही. म्हणजे दोन बदल एकदम केले आणि श्रेय मी माझ्या बदलाला दिलं. ऑफिसात ज्युनियरनं असं केलं असतं, तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं :-)

माझा सिद्धांत एरवीही लंगडाच होता. आपल्याकडच्या हिवाळी डिझेलला भारतीय मानकात 6 अंशांची मर्यादा आहे. म्हणजे तेवढ्या थंडीतही ते फिल्टरमधून जायला हवं. शिरोळचे 13 अंश म्हणजे लडाखच्या मानानं उन्हाळाच!

मग थंडीचा संबंध काय? मेस्त्री म्हणाले, "गाडी एअर घेतीया. रातभर डिझेल माघारी टाकीत उतरतंय." टाकीकडून येणाऱ्या पाइपाला कुठेतरी बारीक फट असली, की रात्री तिथून हवा शिरते आणि वर चढलेलं डिझेल खाली सरकतं. टाकी भरलेली असेल तर डिझेल फार उतरत नाही, म्हणून गाडी बरी लागते. मामाला हे दोन महिन्यांपासून दिसत होतं. पण "टाकी फुल्ल केली की गाडी खूश असती," असं तो म्हणाला, तेव्हा मी हसलो होतो. सगळ्यात महत्त्वाचा लॉग मी अंधश्रद्धा म्हणून फेकून दिला होता.

आता हवा तर उन्हाळ्यातही शिरेल. पण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सतरा-अठरा पट दाबलेली हवा तापते आणि तिच्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. बाहेरची हवा 33 अंशांऐवजी 13 अंश असेल, तर हा 20 अंशांचा फरक दाबल्यावर पन्नास-साठ अंशांचा होतो. त्यात थंडीनं ऑइल दाट, बॅटरी मंद, सेल्फ सावकाश फिरणार, दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडात जिरणार. आणि अशा वेळी डिझेलऐवजी बुडबुडे आले, तर अर्धवट जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. दुपारी सगळं गरम असतं, त्यामुळे तेवढे बुडबुडे गाडी खपवून घेते.

"थंडीनं गाडी बिघडत न्हाई," मेस्त्री म्हणाले. "बिघडलेली गाडी थंडीत घावती."

मग त्यांनी जे केलं, त्याला आम्ही बायसेक्ट म्हणतो. टाकी आणि तिचा पाइप बाजूला काढून टाकला, केबिनच्या मागे उंचावर डिझेलचा पाच लिटरचा कॅन बांधला आणि एका पारदर्शक नळीनं तो थेट फीडपंपाला जोडला. एअर काढली. बाकी कशालाही हात लावला नाही. "पंप, नोझल खराब असतील तर उद्या पण त्रास देईल. नसतील तर मग टाकीकडं बघू." त्या दिवशीची खेप बुडाली, पण मामा काही बोलला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे आम्ही दोघं ट्रकपाशी. 12 अंश. हातपंप मारायचा नाही, पाणी ओतायचं नाही. मामानं चावी फिरवली. दोन आचक्यांत इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. थोडा धूर आला, विरला. मामा केबिनमधून उतरेचना. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

दोष टाकीजवळच्या रबरी पाइपात निघाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मामानं शेजाऱ्यांच्या म्हशी जयसिंगपूरकडे उंचावर पोचवल्या. तिसरी खेप करायला परत आला आणि मागे रस्ता बंद झाला. ट्रक चार दिवस पाण्यात उभा राहिला. नंतर टाकी धुतली, ऑइल आणि फिल्टर बदलले, पण चॅसीच्या आडोशाला असलेली एक क्लिप आतून गंजत राहिली. गरम असताना मऊ झालेलं रबर कसंबसं घट्ट बसायचं, थंडीत कडक होऊन सैल पडायचं. पाइप, दोन क्लिपा आणि तांब्याचे वॉशर. सगळं मिळून पाचशेच्या आत. मेस्त्रींनी मजुरी घेतली नाही. त्या म्हशींतल्या दोन त्यांच्या होत्या, हे मला मामीनं नंतर सांगितलं.

आताच्या नव्या ट्रकांत सेन्सर असतात, स्कॅनर लावला की कोड येतो. पण तो कोडही 'इथं दाब कमी आहे' एवढंच सांगतो. का कमी आहे, हे माणसालाच विचारत बसावं लागतं.

असो. हल्ली टीममध्ये कुणी "रीस्टार्ट केलं आणि फिक्स झालं" असं म्हणालं, की मी आधी विचारतो, "तेव्हा हातपंप कोण मारत होतं?" पोरं गोंधळून बघतात. मग त्यांना ही गोष्ट सांगावी लागते.